चिठ्ठी नसलेलं दुखणं

मेडिकलमध्ये येणाऱ्या बहुतेक माणसांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते. एका दुखण्याला मात्र ती क्वचितच असते. बाई येते, आधी क्रोसिनची स्ट्रिप मागते, मग बाळाचा साबण. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर शोकेसमधल्या वस्तू बघत उभी राहते. ते गेलं की पर्समधून एखादं रिकामं पाकीट काढून काचेवर ठेवते आणि म्हणते, "हेच द्या." कुणी मोबाइलवर फोटो दाखवते, कुणी शेजारणीने सांगितलेलं नाव कागदाच्या कपट्यावर लिहून आणते. कुणी इतकंच म्हणते, "ताई, खाज फार आहे हो." कुठे, ते ती सांगत नाही आणि मला विचारावं लागत नाही.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं मेडिकल आहे. मी फार्मसिस्ट. लग्न होऊन इथे आले आणि काउंटरवर उभी राहिले. सावर्डे, अलोरे, खेड, गुहागरकडून बाजाराला आलेल्या बायका वाटेतली दुकानं ओलांडून आमच्याकडे येतात. आमच्याकडे काही वेगळी औषधं मिळतात असं नाही, काउंटरच्या आत बाई उभी आहे एवढंच कारण. योनीमार्गातल्या बुरशीच्या संसर्गाबद्दल, म्हणजे बायका ज्याला 'खाली खाज' किंवा 'पांढरं जाणं' म्हणतात त्याबद्दल, मी इथे जितकं ऐकलं तितकं दुसऱ्या कुठल्या दुखण्याबद्दल ऐकलं नसेल. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ह्या दुखण्यावरचं साधं औषध चिठ्ठीविना मिळणं ही बायकांची फार मोठी सोय आहे आणि ती राहायलाच हवी. पण विचारपूस न करता औषध हातावर ठेवणं ही सोय नाही. त्यात बाईचे पैसे जातात, दिवस जातात आणि कधीकधी तब्येतही जाते.

कॅन्डिडा नावाची ही यीस्ट जातीची बुरशी निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, कातडीवर असतेच. दहातल्या एकदोन बायकांच्या योनीमार्गातही ती कसलाही त्रास न देता राहते. तिथले उपकारक जीवाणू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, दिवस गेले, रक्तातली साखर वाढली किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असल्या की हा तोल बिघडतो आणि बुरशी वाढते. मग खाज, आग, सूज, लघवी करताना झोंबणं आणि फाटलेल्या दुधासारखा घट्ट पांढरा स्राव. दर चार बायकांतल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो असं वैद्यकाची पुस्तकं सांगतात. इतका सर्रास होणारा आजार, पण प्रत्येकीला वाटतं की तो आपल्या एकटीलाच झालाय.

त्याहून वाईट म्हणजे तिला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलंय. मग ती डेटॉलने धुते, तुरटीच्या पाण्याने धुते, जाहिरातीतला सुगंधी वॉश आणते. आग आणखी वाढते. मी तिला सांगते की योनीमार्ग आतून धुवायची गरज कधीच नसते, तो स्वतःला स्वच्छ ठेवतो. बाहेरून साधं पाणी पुरे. काही जणी ह्याच्याही पुढचं विचारतात, आणि ते विचारताना त्यांची मान खाली जाते: "ह्यांनी बाहेरून आणलं असेल का?" ह्या एका संशयाने घरात अबोला धरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. बुरशीचा हा संसर्ग लैंगिक रोगांत मोडत नाही. नवऱ्याला स्वतःला खाज किंवा चट्टे नसतील तर त्याला औषधही द्यावं लागत नाही. हे सांगितल्यावर बाईचा चेहरा जसा मोकळा होतो, तसा मी देत असलेल्या कुठल्याही ट्यूबने होत नाही.

आता अडचण कुठे येते ते सांगते. पांढरं जाणं म्हणजे दर वेळी बुरशीच असं नसतं. महिन्याच्या मध्यावर अंड सुटताना जाणारा पातळ, ताणला जाणारा स्राव निसर्गाचा असतो, त्याला औषधच नको. स्राव पातळ, करडा आणि माशासारख्या वासाचा असेल तर तो बहुधा जीवाणूंचा त्रास असतो. पिवळट-हिरवा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा संशय घ्यावा लागतो, आणि तो मात्र लैंगिक संबंधातून पसरतो, त्यात नवऱ्यालाही औषध लागतं. बुरशीच्या स्रावाला घाण वास नसतो. बुरशीची क्रीम ह्या बाकीच्या आजारांना हातही लावत नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःच निदान करून दुकानातून बुरशीचं औषध विकत घेणाऱ्या ९५ बायकांची तपासणी केली होती. खरोखर फक्त बुरशीचा संसर्ग होता त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश जणींना. तिथे ही औषधं १९९०पासून विनाचिठ्ठी मिळतात, पाकिटात सविस्तर माहितीपत्रक असतं, बायका ते वाचतात. तरी ही गत. आपल्याकडे माहितीपत्रक असलं तरी ते बहुधा इंग्रजीत असतं आणि त्यातली अक्षरं भिंगाखेरीज दिसत नाहीत. माहितीपत्रकाने करायचं काम इथे काउंटरवरच्या माणसालाच करावं लागतं.

म्हणून मी प्रश्न विचारते. दुकानाच्या मागच्या बाजूला इन्सुलिन ठेवायचा फ्रिज आहे, त्याच्या आडोशाला बाईला बोलावते. "जरा इकडे या ना, नीट बघून देते," एवढं म्हटलं की ती आत येते. पहिला प्रश्न, असं आधी कधी झालं होतं का, आणि तेव्हा डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं का? आधी एकदा निदान झालेलं असलं आणि ह्या वेळची लक्षणं अगदी तशीच असली, तर काउंटरवरून औषध द्यायला हरकत नसते. पहिलीच वेळ असेल तर मी डॉक्टरांकडे जायला सांगते. दुसरा प्रश्न स्रावाचा रंग आणि वास. तिसरा, पाळी कधी आली होती? चौथा, ताप आहे का, ओटीपोटात दुखतं का, पाळी नसताना किंवा संबंधानंतर रक्त जातं का, फोड किंवा जखम आहे का? ह्यांतल्या एकालाही 'हो' आलं की मी औषधाचा डबा परत ठेवते. भारतात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा कर्करोग दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि रक्ताच्या डागांना 'पांढरं जातंय' म्हणून क्रीम लावत बसलेली बाई उपचाराचे महिने गमावते. पाचवा प्रश्न, दुसरी कुठली औषधं चालू आहेत, साखर आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं मोल मला एका सासूबाईंनी शिकवलं. शृंगारतळीच्या बाजूच्या होत्या, हातात भाजीची पिशवी. "सुनेसाठी ती एक गोळीवाली द्या, तिला खाज सुटलेय," म्हणाल्या. फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, एकच गोळी पोटात घ्यायची, हे औषध आता घरोघरी माहीत झालं आहे. मी विचारलं, "मावशी, सुनेची पाळी कधी आली होती?" त्या हसल्या. "पाळी कसली येतेय, पाचवा चालू आहे तिला." गर्भारपणात बुरशीचा त्रास जास्त होतो, पण फ्लुकोनाझोलची गोळी गर्भवतीला देत नाहीत. तिच्यासाठी क्लोट्रिमॅझोलसारखं आत ठेवायचं किंवा लावायचं औषध, तेही सात दिवस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने. मी त्यांना बसवलं, सगळं समजावलं. सून स्वतः आली नव्हती, तिच्याऐवजी सासू आली होती, आणि सासूने गर्भारपणाचा उल्लेखही केला नव्हता, कारण खाजेशी त्याचा काही संबंध असेल हे कुणी तिला कधी सांगितलंच नव्हतं. त्याच आठवड्यात दोघी जणी डॉक्टरबाईंकडे जाऊन आल्या आणि चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या.

पाचव्या प्रश्नाने तर गेल्या काही वर्षांत नवंच दार उघडलं. डापाग्लिफ्लोझिन नावाची मधुमेहाची गोळी आहे. ती रक्तातली जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये तिचं मूळ पेटंट संपलं, अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या आणि आमच्या रोजच्या चिठ्ठ्यांत ती दिसू लागली. हृदयाला आणि मूत्रपिंडालाही तिचा फायदा होतो, औषध चांगलंच आहे. पण लघवीतून साखर जाऊ लागली की त्या जागेवर बुरशीला आयतं खाद्य मिळतं. एक निवृत्त शिक्षक, आमच्याकडचे नेहमीचे, एकदा दुकान बंद करायच्या वेळी आले. बराच वेळ वर्तमानपत्र चाळत उभे राहिले. शेवटी अगदी हळू आवाजात माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पुढे लाल झालंय, फार खाजतंय, कुठली ट्यूब देता?" नवऱ्याने त्यांचं खातं काढलं तर दोनच महिन्यांपूर्वी ही गोळी सुरू झालेली. आम्ही त्यांना सांगितलं की गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना हे कळवा. रोज साध्या पाण्याने धुऊन जागा कोरडी ठेवा, पाणी भरपूर प्या आणि ही क्लोट्रिमॅझोल क्रीम दिवसातून दोनदा लावा. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्या माणसाला ह्याचा इतका धसका बसला होता की बायकोलाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मधुमेहाची नवी गोळी देताना ह्या एका गोष्टीची कल्पना द्यायला एक मिनिट लागतं. आता आमच्याकडे तो नियमच आहे.

उलटंही घडतं, बुरशीवरून मधुमेह कळतो. पावसाळ्यात एकाच क्रीमसाठी पुन्हापुन्हा येणारी चाळिशीची एक बाई होती. मासळीबाजारात बसायची. तहान फार लागते का, रात्री लघवीला उठावं लागतं का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "हो की, चारपाच वेळा." साखर तपासून घ्यायला लावली तर उपाशीपोटी तीनशेच्या वर. वर्षात तीन-चारदा ज्यांना बुरशीचा त्रास होतो त्यांची साखर तपासलीच पाहिजे. अशा बायकांना डॉक्टर लांब मुदतीचा, आठवड्याला एक गोळी असा सहा महिन्यांचा कोर्सही देतात, पण तो निर्णय काउंटरवर होऊ शकत नाही. आणि साठीच्या पुढच्या बाईला खाज असेल तर तिथे बुरशीपेक्षा पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा किंवा कातडीचा दुसरा आजार असण्याची शक्यता जास्त, म्हणून तिलाही मी क्रीम देत नाही, डॉक्टरांकडे पाठवते.

प्रश्नांची उत्तरं नीट आली आणि औषध द्यायचं ठरलं, तरी काम अर्धंच झालेलं असतं. क्लोट्रिमॅझोलची आत ठेवायची गोळी १०० मिलिग्रॅमची असेल तर सहा-सात रात्री, २०० मिलिग्रॅमची तीन रात्री, ५०० मिलिग्रॅमची एकच. नीट घेतली तर तिन्हींचा गुण सारखाच येतो. पण 'गोळी' म्हटली की ती पाण्याबरोबर गिळणाऱ्या बायका आहेत, आणि त्यात त्यांचा काहीएक दोष नाही, कारण पाकीट देताना कुणी तोंड उघडलेलं नसतं. मी बिलाच्या मागच्या बाजूला पेनने आकृती काढते. पाठीवर झोपायचं, गुडघे वर घ्यायचे, ह्या कोनात, बोटाने किंवा सोबतच्या नळीने जमेल तितकी आत सरकवायची. झोपताना, म्हणजे ती लगेच बाहेर येत नाही. पाळी चालू असेल तर पाळी संपेपर्यंत थांबायचं. सकाळी थोडा पांढरा चुरा बाहेर आला तर घाबरायचं नाही, तो औषधाचाच असतो. निरोध वापरत असाल तर त्या दिवसांत त्याच्यावर विसंबू नका, ह्या औषधातल्या घटकांनी तो कमकुवत होतो. दोन-तीन दिवसांत आराम वाटला तरी कोर्स पुरा करा, आणि आठवडाभरात उतार नसेल तर पुन्हा माझ्याकडे न येता डॉक्टरांकडे जा. हे बोलायला पाच मिनिटं लागतात. बिलाचा कागद बाई चारदा घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते.

फ्लुकोनाझोलची गोळी ह्या मानाने सोपी वाटते, म्हणूनच तिच्या बाबतीत मी जास्त सावध असते. तिच्या स्ट्रिपवर लाल रेघ आणि आरएक्स छापलेलं असतं, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीची आहे. आपल्या देशात 'विनाचिठ्ठी औषध' असा कायद्याने ठरवलेला वेगळा वर्ग नाही. औषध कुठल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे कायद्यातल्या कुठल्या यादीत, आहे त्यावर त्याची विक्री ठरते, आणि प्रत्यक्षात कुठल्या दुकानात काय मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या लाल रेघेला कारण आहे. रक्त पातळ करणारं वॉरफरीन चालू असेल तर फ्लुकोनाझोलमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीचा परिणाम त्याने वाढतो आणि साखर अचानक उतरू शकते. मधुमेहाची बाई, तिला बुरशीचा संसर्ग, ग्लिमेपिराइड चालू, आणि शेजारणीने सांगितली 'एक गोळीवाली'. हा योग आमच्या काउंटरवर वारंवार येतो.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र मी गोळीने झालेलं पाहिलेलं नाही, ट्यूबने झालेलं पाहिलं आहे. जांघेत, काखेत, स्तनाखाली खाज आली की लोक एक विशिष्ट प्रकारची क्रीम मागतात. तिच्यात बुरशीविरोधी औषध, अँटिबायोटिक आणि कडक स्टिरॉइड असं सगळं एकत्र असतं. स्टिरॉइडमुळे खाज एका रात्रीत थांबते, त्यामुळे ती 'गुणकारी' म्हणून गावभर होते. बुरशी मात्र आत पसरत राहते. ट्यूब थांबवली की दुप्पट उसळते, पुन्हा तीच ट्यूब. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने मला तिच्या मांड्या दाखवल्या होत्या. नऊ महिन्यांच्या गर्भवतीच्या पोटावर असतात तशा जांभळट रेषा, कातडी पातळ पडलेली, कडेने लाल चकंदळं. आईच्या कपाटातली ट्यूब ती सहा महिने लावत होती. आईला ती कुणा नातेवाइकाने दिली होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने ह्या क्रीमविरुद्ध अनेक वर्षं आवाज उठवला. २०१८च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइडांची लावायची औषधं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांत, टाकली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आणली, त्यात अशी काही क्रीमही होती. तरी वेगळ्या मिश्रणाच्या ट्यूबा बाजारात आहेत आणि त्यांना मागणीही आहे. मी त्या चिठ्ठीविना देत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक रागावून पलीकडच्या दुकानात जातं, जाऊ दे. नुसती क्लोट्रिमॅझोल क्रीम हळू काम करते, खाज गेल्यानंतरही आठवडा-दोन आठवडे लावावी लागते, पण ती बुरशी मारते, लपवत नाही.

कोकणात राहणाऱ्याला बुरशीची ओळख पावसाने होतेच. भातलावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, दिवसभर पाण्यात हात असणाऱ्या धुणंभांडीवाल्या बायकांच्या नखांच्या कडा सुजून नखुरडं होतं. चिखल्यांत पुष्कळदा वेगळ्या जातीची बुरशी आणि जीवाणूही असतात, जुनाट नखुरड्यात कॅन्डिडा बहुतेक वेळा सापडते. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमचं दुकान पाण्याखाली गेलं. माल फेकून द्यावा लागला. त्यानंतरचे कित्येक दिवस अख्खं गाव गुडघाभर चिखल उपसत होतं, ओल्या कपड्यांत, रबरी बुटांत पाणी घेऊन. पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीने अनेकांनी डॉक्सिसायक्लिन घेतलं होतं. कोरडे कपडे नव्हते, वाळत घालायला ऊन नव्हतं, आणि त्यात अँटिबायोटिक. पुढच्या पंधरवड्यात पायाच्या चिखल्या घेऊन पुरुष आले आणि त्यांच्या मागून, गर्दी ओसरल्यावर, बायका आल्या. मदत म्हणून आलेल्या सामानात गहू-तांदूळ, चादरी, बिस्किटं होती. आम्ही एका संस्थेच्या मुलींना सांगून सुती अंतर्वस्त्रं आणि क्लोट्रिमॅझोलच्या ट्यूबा मागवल्या. आधी त्या मुली जरा संकोचल्या. मग त्यांनीच वाडीवाडीवर जाऊन वाटप केलं. पुराच्या मदतीच्या यादीत ह्या दोन वस्तू असल्याच पाहिजेत, असं मी तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी सांगते.

ज्यांना खाजगी डॉक्टरांची फी परवडत नाही त्यांच्यासाठी एक वाट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. शासनाच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत आणि अनेक सरकारी दवाखान्यांत 'सुरक्षा क्लिनिक' चालतात. तिथे योनीमार्गाच्या स्रावाच्या तक्रारीसाठी हिरव्या रंगाचं किट फुकट मिळतं. त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, म्हणजे जीवाणू, परजीवी आणि बुरशी तिन्हींवर औषध असतं, आणि ते तपासणी करून दिलं जातं. नावात एड्सचा संबंध असल्यामुळे बायका तिथे जायला घाबरतात. मी त्यांना सांगते, तिथले डॉक्टर आणि समुपदेशक ह्याच कामासाठी बसलेले आहेत, तिथे कुणी तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघणार नाही.

कॉलेजात औषधशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी एक गोष्ट सांगितली होती. बुरशीवर माणसाला सुरक्षितपणे देता येईल असं पहिलं औषध दोन स्त्रियांनी शोधलं. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्कमध्ये सूक्ष्मजीव वाढवून बघत आणि रेचेल ब्राउन ऑल्बनीत त्यांतली रसायनं वेगळी करत. दोघी एकमेकींना नमुने पोस्टाने पाठवत. त्यांनी १९५०मध्ये नायस्टॅटिन जाहीर केलं आणि त्यातून मिळालेली सगळी रॉयल्टी संशोधनासाठी देऊन टाकली. आजही बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला की डॉक्टर त्या औषधाकडे वळतात. डिप्लोमाच्या प्रशिक्षणासाठी आमच्या दुकानात येणाऱ्या मुलामुलींना मी ही गोष्ट सांगते. ज्या आजाराबद्दल बोलायला आज आपण कचरतो, त्यावर दोन बायकांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी आयुष्य लावलं होतं, हे त्यांना कळायला हवं.

ह्या मुलामुलींतले निम्म्याहून जास्त मुलगे असतात. उद्या तेच खेडोपाडी मेडिकल चालवणार. पुरुष फार्मसिस्टशी बाई हे बोलणार नाही असं सगळे गृहीत धरतात, आणि म्हणून पुरुष विचारतच नाहीत. त्यासाठी आम्ही एक कार्ड केलं आहे. मराठीत, मोठ्या टायपात, सात ओळींचं: आधी असं झालं होतं, पहिलीच वेळ आहे, वास येतो, पाळी चुकली आहे, पोटात दुखतं किंवा रक्त जातं, साखर आहे, दुसरी औषधं चालू आहेत. बाईने बोट ठेवायचं, बोलायची गरज नाही. माझा नवरा ते वापरतो, आणि मी दुकानात नसते तेव्हाही आता बायका परत जात नाहीत. एका प्रशिक्षणार्थी मुलाने त्याच्या गावच्या दुकानासाठी त्याची झेरॉक्स नेली. त्याने कळवलं की पहिल्याच महिन्यात त्या कार्डावरून त्याने एका गर्भवतीला गोळीऐवजी दवाखान्यात पाठवलं.

औषध विकणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे की कार्ड छापायला खर्च येत नाही, विचारायला हिंमत लागत नाही, सवय लागते. आणि बायकांना सांगणं आहे की रिकामं पाकीट काचेवर ठेवून 'हेच द्या' म्हणू नका. काय होतंय ते सांगा. समोरचा माणूस काहीच न विचारता औषध काढू लागला तर त्याला थांबवा आणि विचारा, हे माझ्यासाठीच आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? त्याच्याकडे उत्तर नसेल तर ते औषध घेऊ नका. क्लोट्रिमॅझोलची ट्यूब कुठल्याही दुकानात मिळेल. तुमचं ऐकून घेऊन, 'हे तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांना दाखवा' असं सांगणारं दुकान शोधा, आणि ते सापडलं की तिथेच जात राहा.